शकूताईंचा ज्वालामुखी

आमच्या गल्लीत कोण सहलीला गेलं हे दूधवाल्याला आधी कळतं, पण कोण काय बघून आलं हे कळतं ते कुंपणालाच. शकूताई लेकीकडे मॉरिशसला गेल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. तिथून पुढे त्या ज्वालामुखीच्या बेटावर जाऊन आल्या, ही बातमी मात्र त्या कढीलिंब मागायला कुंपणाशी आल्या तेव्हा फुटली.

"सुमन, चार पानं दे गं. पोहे भिजवून आलेय," असं म्हणून त्या पुढे तासभर तिथंच उभ्या. त्या पोह्यांचं काय झालं ते मी अजून विचारलेलं नाही.

"रियुनियन म्हणून बेट आहे," त्या म्हणाल्या. "मॉरिशसहून विमानानं पाऊण तास. कमरेचा पट्टा लावतोय तोवर उतरायची वेळ. आणि उतरलं की थेट फ्रान्स! 1946 पासून तो फ्रान्सचा एक जिल्हाच आहे. हिंदी महासागरात उभं राहून युरोत कॉफीचे पैसे द्यायचे."

"आणि तिथं जिवंत ज्वालामुखी?"

"जिवंत म्हणजे काय! जगातल्या सगळ्यात जागत्या ज्वालामुख्यांपैकी एक. पितों द ला फुर्नेझ. आम्ही आपलं फुर्नेझ म्हणायचो."

ओसरीवर पेपर उघडून बसलेले आमचे नाना इथपर्यंत गप्प होते, म्हणजे ऐकत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "मे महिन्यात साताऱ्याच्या उकाड्यातून उठायचं आणि ज्वालामुखीवर जाऊन बसायचं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच."

"फुफाटा कसला, नाना? दात वाजत होते आमचे. विषुववृत्ताच्या खाली मेमध्ये थंडी सुरू होते. त्यात आम्ही उभे 2,311 मीटरवर. आपल्या महाबळेश्वरपेक्षा नऊशे मीटर उंच, आणि तेही पहाटे. तोंडातून वाफ निघत होती ती आमच्या. डोंगराची नाही."

पहाटेच का, तर नऊ-दहा वाजले की समुद्राकडून ढग चढतात आणि सगळं झाकून टाकतात. उशिरा उठणाऱ्याला तिथं पांढरा पडदा बघायला मिळतो, असं शकूताईंचं म्हणणं. जावयांनी अंधारात गाडी काढली. आधी हिरवी कुरणं, गाई, कुंपणं. मग झाडं खुजी झाली, मग झाडंच संपली आणि गाडी एका लालकाळ्या मैदानात उतरली. गवताचं पातं नाही. नुसता मुरूम, मैलोन्‌मैल. प्लेन दे साब्ल त्याचं नाव. ते ओलांडलं की पा द बेलकोंब नावाच्या कड्यावर रस्ता संपतो.

"तिथून खाली बघायचं. समोर मोठी खोलगट थाळी पडलेली, तिला तीन बाजूंनी उभे कडे आणि चौथी बाजू समुद्राकडे उघडी. डोंगराचं पोट कधीकाळी आत बसलं त्याची ही खूण. त्या थाळीच्या मध्ये खरा शंकू, 2,632 मीटर उंच, वर दोलोमिउ नावाचं भलंमोठं विवर. आणि आपल्या पायाखाली, कड्याच्या तळाशी, एक लालसर इवलीशी टेकडी, डोक्यावर खळगा असलेली. 1753 साली एका उद्रेकात तयार झालेली. पानिपताच्याही आधीची."

"मग उतरलात का खाली?"

"पायऱ्या आहेत, पाचशेच्या वर. मी उतरले, त्या छोट्या टेकडीपर्यंत जाऊन आले. लेक आणि जावई पुढे विवराच्या काठापर्यंत गेले. जाऊन-येऊन पाच तासांचं काम. वाट अशी नाहीच. खडकावर पांढऱ्या रंगाचे ठिपके मारलेत, ते धरून चालायचं. ठिपका चुकला की चारी बाजूंना सारखाच काळा दगड. धुकं आलं तर माणूस गोल गोल फिरत बसेल."

मला खरा प्रश्न विचारायचा होता तो मी विचारला. "लाल रस दिसला का?"

"नाही."

नानांनी पेपर खाली घेतला. "एवढे पैसे घालून?"

"तो काय आपल्या तिकिटावर पेटतो? एखाद्या वर्षी दोनदोनदा फुटतो, तर काही वर्षं नुसता पडून असतो. आणि फुटायच्या बेतात असला की तुम्हांला खाली उतरूच देत नाहीत. पायऱ्यांच्या तोंडाशी फाटक आहे, ते बंद होतं. डोंगराच्या पायथ्याशी वेधशाळा आहे. जमिनीची थरथर, डोंगराचं फुगणं, निघणारे वायू, सगळं रात्रंदिवस मोजतात. इशारा आला की आधी माणसं बाहेर, मग बाकीचं. त्यामुळे रस वाहताना बघायचा तो दुरून, पोलिसांनी आखून दिलेल्या जागेवरून."

"दुरून डोंगर साजरे," मी म्हटलं.

"हा तर दुरूनच साजरा."

शकूताईंच्या गाडीत पुण्याच्या एक बाई होत्या. त्यांचं नाव शकूताईंनी सांगितलं, मी इथे सांगत नाही. बाईंनी अख्ख्या प्रवासात ठेपले खाल्ले, प्रत्येक वळणावर गाडी थांबवून फोटो काढले, आणि परतताना हळूच दोन काळे दगड पर्समध्ये घातले. गाइडनं ते बघितलं. तो सगळा भाग राष्ट्रीय उद्यानात आहे, 2010 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथून खडाही उचलायचा नाही. दगड परत ठेवायला लावले. बाईंचं तोंड एवढंसं झालं.

"मी त्यांना म्हटलं, 'अहो, कशाला ओझं नेता? तुमच्या वाड्याच्या जोत्याला हाच तर दगड आहे!' त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय."

"चेष्टा नाही तर काय?" नाना म्हणाले. "कुठं रियुनियन, कुठं पुणं. साडेचार हजार किलोमीटरचं अंतर असेल."

"जास्तच असेल. पण नाना, दगड तोच. बेसॉल्ट. आणि नुसती जात एक नाही, चूलही एकच." शकूताईंनी चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय. एकदा त्यांनी हातात काल्पनिक खडू धरला की कुंपणाचा फळा होतो. "रियुनियनच्या खाली पृथ्वीच्या पोटात एक तापलेली जागा आहे. ती जवळपास जागेवरच राहते, तिच्यावरून जमिनीचं कवच सरकत जातं. निखाऱ्यावरून पापड सरकवत नेला की डागांची ओळ उठते ना, तसं. 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी त्या निखाऱ्यावर कोण होतं सांगा? आपण! म्हणजे आपलं दख्खन. भेगांतून रस वाहिला, थरावर थर साचले, महाबळेश्वराकडे त्यांची जाडी एक-दोन किलोमीटरच्या घरात गेली. मग भारत सरकत सरकत उत्तरेला निघून आला. मागे डागांची ओळ राहिली. लक्षद्वीप, मालदीव, छागोस, ही सगळी बेटं त्याच बुडालेल्या रांगेच्या डोक्यावर पोवळ्यांनी बांधलेली. मग मॉरिशस, 80 लाख वर्षांचं. आणि सगळ्यात शेवटी रियुनियन. वीसेक लाख वर्षांचं. अजून गरम."

नानांनी अजिंक्यताऱ्याकडे बघितलं. आमच्या ओसरीतून तो पुरा दिसतो. काळ्या कातळाचे आडवे पट्टे, मध्ये गवताचे उतार, पुन्हा पट्टा. आयुष्यभर बघितलेला डोंगर. पण बोलले इतकंच, "पुस्तकात असेल तसं."

"पुस्तकात आहेच. मी हातानं बघून आले. तिथल्या नव्या रसावर पीळ पडलेल्या वळ्या आहेत, वरचं साय धरलेलं अंग खालच्या वाहत्या रसानं ढकलून गोळा झालेलं. अशाच वळ्या आपल्याकडच्या जुन्या कातळांतही सापडतात. फरक कुठं, तर भोकांत. रस थिजताना वायूचे बुडबुडे अडकतात त्यांची भोकं. तिथली भोकं रिकामी, कडा इतक्या धारदार की बुटाचा तळ खरवडून निघाला. आपल्या खाणींतल्या दगडाची भोकं मात्र पांढऱ्या, हिरवट स्फटिकांनी भरलेली असतात. तेवढी वर्षं पाणी झिरपलंय ना त्यातून! आणि तिथल्या काही दगडांत बाटलीच्या काचेसारखे हिरवे दाणे चमकतात. ऑलिव्हिन. वाकून बघत बसले तर लेक म्हणाली, 'आई, लोक समोर बघतायत, तू खाली काय बघतेस?'"

मी विचारलं की अशा डोंगराच्या अंगाखांद्यावर लोक राहतात कसे? भीती वाटत नाही?

"कोपऱ्यावरच्या बंगल्यातला मुलगा हनिमूनला बालीला गेला होता, आठवतंय? बातूर डोंगरावर पहाटे चढून वाफेवर अंडी उकडल्याचे फोटो टाकले होते त्यानं. तिथले ज्वालामुखी वेगळ्या वळणाचे. रस घट्ट, वायू कोंडतो, मग एकदम स्फोट. राखेचे लोट मैलभर वर. 2017 च्या नोव्हेंबरात तिथल्या आगुंगनं राख उडवली तर विमानतळ बंद पडला, हजारो लोक अडकले. फुर्नेझचा रस पातळ. वायू सुटून जातो, रस वाहत खाली येतो. आणि बहुतेक वेळा त्या थाळीतच, नाही तर उघड्या बाजूनं समुद्राकडे. माणसाला बाजूला व्हायला वेळ मिळतो. घराला मिळत नाही एवढंच."

मग त्यांनी पितों सेंत रोझची गोष्ट सांगितली. 1977 चा एप्रिल. त्या वेळी रस नेहमीच्या थाळीत न राहता बाहेरच्या उतारावर फुटला आणि गावाकडे आला. गाव रिकामं केलं होतं. घरं गेली, रस्ता गेला. चर्चपाशी रस आला, दोन बाजूंना फाकला, दारातून थोडा आत शिरला आणि तिथंच थिजला. माणूस एकही दगावला नाही. आता त्या देवळाचं नाव नोत्र दाम दे लाव्ह, म्हणजे लाव्हाची माउली.

"मी आत जाऊन आले. बाहेर दोन्ही अंगांना काळा दगड भिंतीला टेकलाय, पायरीपाशी त्याची जीभ थांबलेली. भाविक म्हणतात चमत्कार. जावई म्हणतात जमिनीचा चढ. मी हात जोडले आणि चढही बघितला. ती वेधशाळा मात्र त्या उद्रेकानंतरच आली. ठेच लागली की शहाणपण येतं, ते सगळ्या देशांत सारखंच."

"आणि अलीकडं काही मोठं?"

"2007 चा एप्रिल. रस समुद्रात जाऊन पडला, किनारा पुढे सरकला, बेट तेवढं वाढलं! वर विवराचा तळ तीनशे मीटरहून जास्त खाली बसला. किनाऱ्याचा हमरस्ता गाडला गेला. नवा रस्ता त्या थिजलेल्या रसावरूनच नेलाय. त्यानंतर कित्येक वर्षं पाऊस पडला की त्या दगडातून वाफा निघायच्या. आता त्याच्यावर नेचे उगवलेत, हाताच्या बोटाएवढे."

पावसाचा विषय निघाला आणि नाना सरसावले. पावसाच्या बाबतीत ते महाबळेश्वरशिवाय कुणाला मानत नाहीत. शकूताईंनी त्यांनाही गप्प केलं. रियुनियनवर फॉक-फॉक म्हणून जागा आहे. 1966 च्या जानेवारीत वादळ आलं तेव्हा तिथं चोवीस तासांत 1,825 मिलिमीटर पाऊस पडला, तो जगाचा विक्रम आहे. आणि 1980 च्या जानेवारीत कोमर्सों विवरापाशी पंधरा दिवसांत 6,083 मिलिमीटर.

"म्हणजे महाबळेश्वरचा वर्षाचा पाऊस पंधरवड्यात," शकूताई म्हणाल्या. "म्हणून तर डिसेंबर ते मार्च तिकडं फिरकायचं नाही. चक्रीवादळांचा मोसम."

नाना म्हणाले, "हं." त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

बेटाचा उत्तरेकडचा जुना ज्वालामुखी केव्हाच निवला. पितों दे नेज, 3,071 मीटर. पावसानं तो कोरून काढला आणि त्याच्या भोवती तीन प्रचंड कोंडाळी झाली: सालाझी, सिलाओस आणि माफात. माफातला रस्ताच नाही. सातआठशे माणसं राहतात. चालत जायचं, नाही तर हेलिकॉप्टर. ऊसमळ्यांतून आणि कॉफीच्या बागांतून पळालेले गुलाम तिथं कड्यांच्या आडोशाला लपून राहिले, त्यांनीच तो भाग आधी वसवला. सिलाओसला रस्ता आहे, पण चारशेच्या वर वळणांचा.

"आंबेनळी घाट त्याच्यापुढे सरळ म्हणायचा. पुण्याच्या बाईंचे ठेपले तिथंच…" शकूताईंनी वाक्य अर्धं सोडलं. "पण वर गेल्यावर जेवायला काय मिळालं सांगू? मसूर! सिलाओसचा मसूर तिथं नावाजलेला. डोंगरातल्या लहान लहान वाफ्यांत पिकतो. दाणा बारीक, तपकिरी, शिजला तरी अख्खा राहतो. भाताबरोबर मसूर, बाजूला टोमॅटो-मिरचीचं झणझणीत रुगाय. मी म्हटलं, विमानानं एवढं लांब आले आणि कराडच्या ढाब्यावर बसले."

"व्हॅनिला तिथलंच ना?" मी उगाच माझं ज्ञान दाखवलं.

"अगं, तिथल्या एका पोरामुळे तर जगाला व्हॅनिला मिळाला! एदमों आल्ब्युस. गुलामाचं पोर, बारा वर्षांचं. व्हॅनिलाचा वेल मूळ मेक्सिकोचा. दुसरीकडे लावला तर फुलायचा, पण शेंग धरायचा नाही. मळ्यात चालेल अशी सोपी युक्ती कुणाला सापडली नव्हती. 1841 साली ह्या पोरानं बारीक काडीनं फुलातला पडदा उचलला, अंगठ्यानं पराग दाबला, झालं. आजही मळ्यात तसंच करतात, एकेका फुलाला हातानं. मी करून बघितलं. फूल एकच सकाळ उमलतं. चुकलं की शेंग गेली."

मॉरिशसबद्दल मात्र त्यांनी थोडक्यात उरकलं. तिथला ज्वालामुखी विझलेला. क्युरपीप गावात एक विवर आहे, आत झाडी आणि तळाशी डबकं. लोक त्याच्या काठाकाठानं सकाळी फिरायला जातात. गंगा तलावही विवरातलाच. महाशिवरात्रीला लोक पायी चालत तिथं पोचतात. शामारेलला जमीन सात रंगांची दिसते, कारण तिथला बेसॉल्ट कुजून लोह आणि ॲल्युमिनियमची माती उरलीय. पण शकूताईंचा जीव अडकला तो उसाच्या शेतांतल्या दगडांच्या ढिगाऱ्यांत.

"उभ्या उसात मध्येच काळ्या दगडांचे मनोरे. जमीन सगळी ज्वालामुखीची, दगडच दगड. ते हातानं वेचून, रचून शेतं मोकळी केली ती आधी गुलामांनी आणि मग आपल्या माणसांनी. 1834 पासून करारावर मजूर नेले. पोर्ट लुईच्या धक्क्यावर ज्या सोळा पायऱ्या चढून ते बेटावर आले, त्या जपून ठेवल्यात. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी, सावंतवाडीकडची मंडळी. त्यांची पणतवंडं आज तिथं मराठी शिकतात, झाकरी नाचतात, आणि गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते. एक आजी भेटल्या, साडी आपल्यासारखी, बोलणं क्रेओलमध्ये. मला म्हणाल्या, 'गाव कुठलं?' तेवढं मराठीत."

"काय सांगितलंत?"

"सातारा. त्यांना माहीत नव्हतं. पण शिवाजी महाराज म्हटल्यावर मान डोलावली."

एवढ्यात नानांनी पेपराची घडी घातली. ही आमच्या घरात मोठी घटना. "शकूताई, खर्च किती येतो हो?"

मी डोळे मोठे केले. लग्नाला इतकी वर्षं झाली, गणपतीपुळ्याच्या पलीकडे आमचा समुद्र गेलेला नाही.

"आकडा नाही सांगत, दर महिन्याला बदलतो," शकूताई म्हणाल्या. "पण हिशेब सांगते. मॉरिशसला आपल्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही, उतरल्यावर मिळतो. रियुनियनसाठी मात्र फ्रान्सकडून वेगळा काढायचा. युरोप फिरायचा व्हिसा आहे म्हणून तिथं चालेल असं धरून बसू नका, आधी विचारा. बेट महाग आहे, जेवणखाण युरोपच्या भावात. नुसतं पाण्यात डुंबायचं असेल तर मॉरिशस पुरे. रियुनियनला शार्कांमुळे 2013 पासून उघड्या समुद्रात पोहायला बंदीच आहे. पश्चिमेकडे पोवळ्यांच्या आडोशाला उथळ पाणी आहे आणि काही राखलेले किनारे, तेवढेच. डोंगर बघायचा असेल तर रियुनियनच. मे ते नोव्हेंबर जायचं. डोंगरासाठी एक सोडून दोन पहाटा राखून ठेवायच्या, कारण एक ढगात जाते. गरम कपडे, जाड तळाचे बूट, पाणी. फाटक बंद असेल तर मुकाट्यानं मागं फिरायचं. आणि लाल रस दिसलाच पाहिजे असा हट्ट धरणाऱ्यानं घरी बसून टीव्ही बघावा."

"मी हट्ट नाही धरणार," नाना म्हणाले.

"पासपोर्ट आहे का दोघांचा?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"मग आधी तो काढा," शकूताई म्हणाल्या, आणि कढीलिंब न घेताच निघाल्या.